२०२४चे माझे आवडते आणि नावडते अल्बम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी डिसेंबर सरता सरता मी त्या वर्षाच्या आवडत्या आणि नावडत्या अल्बमची यादी मित्रमंडळींना पाठवतो. कुडाळहून निघालेली ही यादी सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी करत मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपपर्यंत पोचते आणि शिमग्यापर्यंत प्रश्न येत राहतात. यंदा तेच तेच प्रश्न इतक्यांनी विचारले की सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. साधे प्रश्न आधी, नियमांना फाटे फोडणारे नंतर.

अल्बम म्हणजे नक्की काय धरता? हल्ली तर गाणी सुटीसुटीच येतात.

येतात खरी, पण अल्बम संपलेला नाही. एकत्र ऐकण्यासाठी ठरावीक क्रमाने मांडलेली गाणी, इतकी साधी व्याख्या मी धरतो. सिनेमाची गाणीही त्यात आली, कारण आपल्याकडे वर्षानुवर्षं अल्बम म्हणजे सिनेमाची कॅसेटच होती. माझ्यासाठी क्रम फार महत्त्वाचा. पहिलं गाणं पहिलंच का, शेवटचं शेवटीच का, याचा विचार जिथे जाणवतो तिथे मी कान देऊन बसतो. आधीच वाजून गेलेली पाच-सहा गाणी एका नावाखाली बांधून दिली असतील तर तीही ऐकतो, पण त्यांच्याकडून फारशी अपेक्षा नसते.

यादीत यायला काय नियम आहेत?

अल्बम १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात पहिल्यांदा आलेला हवा. जुनं ध्वनिमुद्रण नव्याने बाहेर आलं तर काय करायचं, ते खाली नुसरत फतेह अली खान यांच्या अल्बमच्या प्रश्नात लिहिलं आहे. अल्बम अख्खा आणि क्रमाने ऐकायचा, मधलं गाणं ओलांडायचं नाही. पहिल्या ऐकण्यावर निकाल देत नाही. सकाळी ऐकतो, प्रवासात ऐकतो, रात्री घर निजल्यावर ऐकतो आणि एकदा तरी गाण्याचे शब्द समोर घेऊन ऐकतो. खप, व्ह्यूज, बक्षिसं यांचा विचार करत नाही.

नावडत्यांनाही हेच नियम लागू आहेत. एखाद्याचं वर्ष-दोन वर्षांचं काम वाईट म्हणायचं तर निदान तितक्याच लक्षाने ऐकलेलं असावं.

तर मग २०२४चा पहिला नंबर कोणाचा?

आरूज आफताबच्या ‘नाइट रेन’चा.

आरूज ही न्यूयॉर्कमध्ये राहणारी पाकिस्तानी गायिका. २०२२ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं आणि ते मिळवणारी ती पहिली पाकिस्तानी कलाकार ठरली. ‘नाइट रेन’ ३१ मे २०२४ला आला. उर्दू आणि इंग्रजी मिळून नऊ गाणी, सगळी रात्रीच्या अंगणातली. ‘ना गुल’मध्ये तिने माह लका बाई चंदा यांचे शब्द घेतले आहेत. अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या या कवयित्री, उर्दूत स्वतःचा दिवाण, म्हणजे कवितासंग्रह, असलेल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. इतके जुने शब्द घेऊनही आरूज गझलेचा ओळखीचा थाट मांडत नाही. हार्पच्या तारा आणि खालच्या पट्टीतला डबल बेस यांच्यामध्ये ती आवाज ठेवते आणि बराच वेळ तिथेच थांबते.

‘ऑटम लीव्ह्ज’ हे जॅझमधलं जुनं गाणं जगभरच्या गायकांनी गाऊन गुळगुळीत केलेलं आहे. आरूजने त्यातलं जवळपास सगळं काढून टाकलं. ठेका नावापुरता उरला, चाल तुकड्यातुकड्याने समोर येते आणि ओळखीचं गाणं आहे हे कळेपर्यंत आपण त्यात बुडालेले असतो. ‘रात की रानी’मध्ये आवाजावर ऑटोट्यूनचा, म्हणजे यंत्राने सूर जुळवण्याचा, पातळसा हात फिरवला आहे. एरवी मला ऑटोट्यूनचा कंटाळा आहे. इथे मात्र त्यामुळे आवाज किंचित परका होतो आणि त्या गाण्याला हवा तो धुंदपणा येतो. मिरगाचे पहिले पाऊस झाल्यावर, लाईट गेलेली असताना, खिडकी उघडी ठेवून मी हे गाणं पुन्हा पुन्हा लावलं आहे. आमच्याकडे कुंपणाशी रातराणी आहे, पण ती नसती तरी हा अल्बम पहिलाच आला असता.

कारण एकच सांगायचं तर, आरूज आपल्याकडे वेळ मागते आणि मागितलेला वेळ पुरता वापरते. वर्षभर जे ऐकलं त्यात मला हेच सर्वात दुर्मिळ वाटलं.

पहिल्या पाचात आणखी कोण आहे?

दुसरा द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’, तिसरा बेथ गिबन्सचा ‘लाइव्ह्ज आउटग्रोन’, चौथा बिली आयलिशचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ आणि पाचवा ए. आर. रहमान यांचा ‘अमर सिंग चमकीला’. तिसऱ्या-चौथ्याबद्दल पुढच्या प्रश्नात बोलतो.

द क्युअरचा याआधीचा अल्बम २००८चा. सोळा वर्षांनी, १ नोव्हेंबर २०२४ला, त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ याने फक्त आठ गाणी दिली. पहिल्या गाण्यात गाणारा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर नुसते ढोल, गिटार आणि भरून आलेला सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड). शेवटचं गाणं दहा मिनिटांहून मोठं आहे. मध्ये एक गाणं त्याच्या गेलेल्या भावाबद्दल आहे आणि त्यात कुठेही आवाज चढवून रडणं नाही. साठीत आलेला माणूस मागे वळून बघताना जितका स्वच्छ दिसेल तितका इथे दिसतो.

‘अमर सिंग चमकीला’ हा सिनेमा एप्रिल २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. गाण्यांचे शब्द इर्शाद कामिल यांचे. चमकीला हा पंजाबचा आखाड्यात गाणारा लोकगायक. त्याची गाणी अश्लील म्हणून लोक नावं ठेवत आणि तीच गाणी गावोगाव वाजत. ८ मार्च १९८८ला त्याची आणि त्याची पत्नी अमरजोत हिची हत्या झाली. ‘नरम कालजा’ हे बायकांनी मिळून गायलेलं गाणं ऐका. इच्छा, शरीर, लाज या सगळ्यावर बायकाच मोकळेपणाने बोलतात आणि त्यात कुठेही हिडीसपणा येत नाही. ‘विदा करो’ हे अरिजित सिंग आणि जोनिता गांधी यांचं गाणं तर रहमान यांच्या अलीकडच्या कामातलं मला सर्वात प्रिय. ज्या मुलखात शिमग्याच्या फाका, म्हणजे होळीतल्या मोकळ्याढाकळ्या आरोळ्या, अजून ऐकू येतात, तिथे लोकांच्या गाण्यात काय चालतं आणि कोणी ठरवायचं, हा प्रश्न आपलाच वाटतो. एक लक्षात घ्या, सिनेमात दिलजीत दोसांझ आणि परिणिती चोप्रा यांनी गायलेली चमकीलाची मूळ गाणी वेगळी. मी बोलतोय ते रहमान यांनी नव्याने केलेल्या गाण्यांबद्दल.

बेथ गिबन्स आणि बिली आयलिश शेजारीशेजारी? हे दोन टोकांचे अल्बम नाहीत का?

दोन्ही एकाच दिवशी आले, १७ मे २०२४ला. त्या दिवशी बिली होती बावीस वर्षांची आणि बेथ एकोणसाठची. माझ्यासाठी हा वर्षातला सर्वात समृद्ध शुक्रवार होता.

बेथ ही पोर्टिसहेड या बँडची गायिका. तिचा पूर्णपणे स्वतःचा असा हा पहिला स्टुडिओ अल्बम. विषय आहेत वय वाढणं, शरीर बदलणं, आपली माणसं एकामागून एक जाणं. आपल्या सुगम संगीतात बाईच्या पन्नाशीनंतरच्या मनावर गाणी किती आहेत, बोटावर मोजून बघा. बेथचा आवाज कापतो, कधी कोरडा पडतो आणि ती तो तसाच राहू देते. तालवाद्यं पण तशीच, चकाकी नसलेली, लाकडावर किंवा कातड्यावर हात पडल्यासारखी.

बिलीने अल्बम येण्याआधी एकही गाणं सुटं सोडलं नाही. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत संपतात. एवढ्या मोठ्या गायिकेने आजच्या काळात असं करणं ही हिंमत आहे. तिचा भाऊ फिनियस याने संगीताची मांडणी केली आहे. काही गाणी अर्ध्यात कूस बदलतात. ‘लामूर द मा व्ही’ हळूवार सुरू होतं आणि शेवटी थेट नाचाच्या ठेक्यावर जाऊन पोचतं. ‘द ग्रेटेस्ट’मध्ये ती बराच वेळ आवाज दाबून ठेवते आणि मग सोडते, तेव्हा अंगावर काटा येतो.

बेथला वर ठेवलं, कारण ती जे सांगते ते दुसरं कोणी सांगत नव्हतं.

बरां काय तां सांग, वायट कित्याक सांगतंस?

हा प्रश्न गावाकडून येतो आणि तो रास्त आहे. नव्या पोरांचा, पहिलाच अल्बम करणाऱ्यांचा, स्वतःच्या पैशाने गाणी काढणाऱ्यांचा मी नावडत्यांच्या यादीत कधीच समावेश करत नाही. त्यांचं आवडलं नाही तर गप्प बसतो. नावडत्यांत फक्त तेच येतात ज्यांच्याकडे नाव आहे, पैसा आहे, जगातले उत्तम वादक आणि स्टुडिओ आहेत, आणि ज्यांच्याकडून मी मनापासून काहीतरी अपेक्षिलं होतं. ऐकणाऱ्याने तास-दोन तास द्यायचे असतील तर ते वाया कुठे गेले हे सांगण्याचा त्याला हक्क आहे. आणि जो सगळंच छान म्हणतो त्याच्या ‘छान’वर कोणी विश्वास ठेवू नये असं मला वाटतं.

मग सर्वात वाईट कोणता?

वाईट आणि निराशाजनक असे दोन वेगळे मानकरी आहेत.

वाईट म्हणजे केटी पेरीचा ‘१४३’, सप्टेंबर २०२४चा. चार वर्षांनी आलेला अल्बम, अकरा गाणी, अर्ध्या तासाच्या थोडा वर. म्हणजे लांबीची तक्रार इथे नाहीच. तक्रार ही की एकाही गाण्यात गाणारी बाई सापडत नाही. ठेके दहा-बारा वर्षांपूर्वीच्या नाचाच्या गाण्यांचे, शब्द कुणीही कुणासाठीही लिहावेत असे. अल्बमआधी आलेलं ‘वुमन्स वर्ल्ड’ हे बायकांच्या बळावरचं गाणं म्हणवतं, पण त्यात एक बाई, एक प्रसंग, एक अनुभव दिसत नाही. वर बेथ गिबन्सबद्दल लिहिलं आहे ते यासोबत वाचा.

निराशाजनक म्हणजे टेलर स्विफ्टचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’. इथे मला खरंच वाईट वाटलं, कारण २०२०चा तिचा ‘फोकलोर’ मी आजही काढून ऐकतो. १९ एप्रिल २०२४ला सोळा गाणी आली. दोन तासांनी आणखी पंधरा आली आणि एकूण झाली एकतीस, दोन तासांहून जास्त. यात चांगली गाणी आहेत, हे आधी सांगतो. पण एकाच चालीवर, एकाच मधल्या लयीत, सिंथच्या त्याच थरावर इतकी गाणी येतात की चांगलं गाणं येऊन गेल्याचं कळतही नाही. पाहुण्याच्या पानात वाढतच जायचं आणि पोट भरलं का, हे एकदाही विचारायचं नाही, तसं हे झालं. बारा गाणी निवडली असती तर कदाचित वरच्या पाचात आली असती. निवडण्याचं काम तिने आपल्यावर टाकलं.

जस्टिन टिंबरलेकचा ‘एव्हरीथिंग आय थॉट इट वॉज’ही याच कारणाने यादीत आहे. सहा वर्षांनी आला, अठरा गाणी, सव्वा तासाहून जास्त. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं मला काही सापडलं नाही.

हल्ली अल्बम इतके लांबले कशामुळे?

यामागे हिशेब आहे. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं नीट बसायची, म्हणजे अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा. ती मर्यादा यंत्राची होती, पण तिच्यामुळे गाणी निवडावी लागत. सीडीने चौऱ्याहत्तर मिनिटं दिली आणि पुढे ऐंशी. स्ट्रीमिंगने मर्यादाच काढून टाकली. त्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीसाठी २०२४ मध्ये असा नियम होता की पैसे भरून ऐकणाऱ्यांनी अल्बममधली गाणी एकूण १२५० वेळा वाजवली, किंवा जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांनी ३७५० वेळा वाजवली, की एक अल्बम खपला असं धरायचं. आता विचार करा. दहा गाण्यांचा अल्बम अख्खा ऐकला तर दहा वाजवण्या, एकतीस गाण्यांचा ऐकला तर एकतीस. ऐकणारा तोच, त्याचं प्रेम तेवढंच, आकडा तिप्पट. यादीत वर जायचं असेल तर गाणी वाढवणं सर्वात स्वस्त पडतं.

आपल्याकडे सिनेमाच्या अल्बमला हा रोग कमी आहे. चमकीलाची सहाच गाणी आहेत.

म्हणजे लांब अल्बम तुम्हाला आवडूच शकत नाही?

आवडतो. सिंडी लीचा ‘डायमंड ज्युबिली’ बत्तीस गाण्यांचा, दोन तासांचा आहे आणि माझ्या यादीत सातवा आहे. मार्च २०२४ मध्ये तो आला तेव्हा कुठल्याही मोठ्या स्ट्रीमिंग सेवेवर नव्हता. यूट्यूबवर दोन तासांचा एकच सलग व्हिडिओ आणि एका जुन्या धाटणीच्या साध्या वेबसाइटवर डाउनलोड, एवढंच. वाजवण्यांचे आकडे वाढवायला इथे जागाच नव्हती, म्हणजे लांबी गाण्यांसाठीच होती. साठच्या दशकातल्या रेडिओवरची गाणी दुसऱ्या खोलीतून, भिंतीपलीकडून ऐकू यावीत असा सगळा आवाज आहे. प्रत्येक गाण्याला स्वतःची चाल आहे आणि दोन तासांत मला कुठेही रेंगाळल्यासारखं झालं नाही.

लांब गाणं आणि लांबवलेला अल्बम यांतही फरक करा. क्युअरचं दहा मिनिटांचं गाणं मला कमी वाटलं.

ग्रॅमीवाल्यांनी बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. तुमच्या दोन्ही याद्यांत तो नाही. असं कसं?

२ फेब्रुवारी २०२५ला बियॉन्सेला ते बक्षीस मिळालं आणि त्या आठवड्यात हाच प्रश्न सर्वात जास्त आला. अल्बममागचा विचार मला पटतो. अमेरिकेतलं कंट्री संगीत हे गोऱ्यांचंच, असा समज पक्का झालेला असताना एक काळी गायिका त्यावर आपला हक्क सांगते आणि लिंडा मार्टेल यांना बोलावते, ज्या १९६९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नामांकित कार्यक्रमाच्या मंचावर एकट्याने गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या. त्यांचा आवाज ऐकून मन भरून येतं. बीटल्सचं ‘ब्लॅकबर्ड’ही इथे फार हळुवारपणे गायलं आहे.

पण सत्तावीस तुकडे आणि सव्वा तासाहून जास्त वेळ. पहिला अर्धा भाग माझ्या पहिल्या पाचात बसला असता. दुसऱ्या अर्ध्यात एक कल्पना संपायच्या आत दुसरी सुरू होते. मधोमध अडकला म्हणून कुठल्याच यादीत नाही. बक्षिसाने माझं मत बदलत नाही, हे नियमांत लिहिलंच आहे.

दादा, गुलाबी साडी? अख्ख्या महाराष्ट्राने नाचून घेतलं आणि तुमच्या यादीत नाव नाही!

संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं आणि पुढे वर्षभर लग्नांत, वरातींत आणि हळदीत वाजलं. माझ्याकडूनही त्याला पूर्ण मान. साध्या शब्दांचं, चटकन ओठांवर बसणारं मराठी गाणं देशभर गेलं याचा मला आनंद आहे. पण ते सुटं गाणं आहे, अल्बम नाही. गाण्यांची यादी केली असती तर त्यात नक्की आलं असतं.

मराठी अल्बम इतके कमी का?

सिनेमाबाहेर मराठीत अख्खा अल्बम काढणारे आता थोडे उरलेत, म्हणून. भावगीतांच्या, भक्तिगीतांच्या कॅसेटचा काळ होता तेव्हा आठ-दहा गाण्यांचा संच ही नेहमीची गोष्ट होती. आता यूट्यूबवर एकेक गाणं येतं, कारण व्हिडिओचा खर्च एका गाण्याचाच झेपतो. सिनेमांत मला २०२४ मध्ये ‘फुलवंती’चं काम आवडलं. संगीत अविनाश-विश्वजीत यांचं. ‘मदनमंजिरी’ ही लावणी ठसक्यात उभी राहते आणि तिला जुन्या लावणीची उसनी नक्कल म्हणता येत नाही. माझ्या यादीत तो आठवा आहे.

आपल्या कोकणातलं काहीच नाही? डबलबारी, नमन, दशावतार यांना संगीत समजत नाही का तुम्ही?

समजतो, आणि वर्षभरात तेच सर्वात जास्त ऐकतो. तरी यादीत का नाही, ते सांगतो.

डबलबारी म्हणजे भजनाचा सामना, त्यात दोन बुवा समोरासमोर असतात. पेटी, पखवाज, झांजा, मागे कोरस, आणि समोर अपरात्रीपर्यंत हलायला तयार नसलेली माणसं. एका बुवाने अभंगात घातलेला प्रश्न दुसऱ्याने त्याच रात्री, तिथल्या तिथे सोडवायचा. ती रंगत त्या रात्रीची असते. मोबाईलवर चित्रित करून टाकलेले व्हिडिओ मी बघतो, पण त्यांत माइक एका बुवाकडे आणि पखवाज दूर कुठेतरी घुमत असतो, कोरसचे शब्द कळत नाहीत. अशा ध्वनिमुद्रणावरून एखाद्या बुवाला दुसऱ्याखाली ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. रत्नागिरी-संगमेश्वर भागातल्या नमनाचं आणि जाखडीचंही तेच. शक्ती-तुऱ्यातला, म्हणजे जाखडीतल्या दोन पक्षांच्या सामन्यातला, सवाल त्या अंगणात बसूनच ऐकायचा.

कॅसेटच्या काळात भजनं व्यवस्थित ध्वनिमुद्रित होऊन बाजारात येत. गणपतीत घरोघरी वाजत. त्यांतल्या कितीतरी कॅसेट आमच्या दमट हवेत बुरशी धरून गेल्या. फीत उघडली की पांढरी भुकटी हाताला लागते. ज्यांच्याकडे अजून चांगल्या अवस्थेत आहेत त्यांनी त्या कोरड्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवाव्यात आणि शक्य तितक्या लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात. कोणी बुवा आज नीट माइक लावून, निवडून सात-आठ भजनांचा संच काढत असतील तर मला जरूर कळवा. तो अल्बम मी याच यादीत, याच नियमांनी ऐकेन.

झाकीरभाईंच्या ‘शक्ती’ या बँडला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं ना? मग तो अल्बम यादीत हवा होता.

‘धिस मोमेंट’ला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं, पण अल्बम २०२३चा आहे. बक्षिसाचं वर्ष आणि अल्बमचं वर्ष अनेकदा वेगळं असतं, कारण ग्रॅमी आधीच्या वर्षाच्या कामाला मिळतं. २०२३च्या माझ्या यादीत तो वरच होता. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन, सेल्वागणेश आणि गणेश राजगोपालन, ही माणसं एकमेकांचं ऐकत कशी वाजवतात ते शिकण्यासारखं आहे. झाकीरभाई त्या एका रात्रीत तीन ग्रॅमी घेऊन आले आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला गेले. यादी तेव्हा जवळपास तयार होती. पुढचे काही दिवस मी नवं काही ऐकलं नाही, त्यांचंच ऐकत राहिलो.

जुनं ध्वनिमुद्रण पहिल्यांदाच बाहेर आलं तर ते कुठल्या वर्षाचं?

ज्या वर्षी लोकांपर्यंत पोचलं त्या वर्षाचं. हा प्रश्न नुसरत फतेह अली खान यांच्या ‘चेन ऑफ लाइट’मुळे आला. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या रियल वर्ल्ड स्टुडिओत त्यांनी गायलेल्या चार कव्वाल्यांच्या टेप संग्रहात पडून होत्या. त्या सापडल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अल्बम आला. नुसरतसाहेब १९९७ मध्येच गेले. आवाज ऐन भरातला आहे, टाळ्या आणि पेटी इतक्या स्वच्छ ऐकू येतात की प्रत्येक सरगम कुठून उठली ते कळतं. माझ्या यादीत सहावा.

पण आधी येऊन गेलेला अल्बम नव्याने घासूनपुसून, दोन-चार जास्तीची गाणी घालून आणला तर तो धरत नाही. लोकांनी तो आधी ऐकलेला असतो.

ईपी, म्हणजे चार-सहा गाण्यांचे छोटे संच, धरता का?

वेगळे ठेवतो. सतारवादक अनुष्का शंकर यांचं एप्रिल २०२४चं काम हे तीन भागांच्या मालिकेतला दुसरा भाग आहे. पहिला २०२३ मध्ये आला, आणि त्याची निर्मिती आरूज आफताबने केली होती. तिन्ही भाग एकत्र ऐकूनच मत द्यावं असं मला वाटतं. सतार इतकी शांत ठेवलेली मी फार कमी ऐकली आहे, एवढं आत्ताच सांगतो.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आलेल्यांवर अन्याय होत नाही का?

थोडा होतो. रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ २२ नोव्हेंबरला कुठलीही घोषणा न करता आला. बारा गाणी, पाऊण तासाच्या आत. पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला डेरा बरेरा या मारियाची (मेक्सिकोचं लोकसंगीत) गाणाऱ्या गायिकेचा स्पॅनिश आवाज येतो आणि तिथेच पकड बसते. त्याला नववा ठेवला आहे. उशिरा आलेल्यांची खूण म्हणून मी नावापुढे फुली करतो आणि मे महिन्यात पुन्हा ऐकतो. नंबर मात्र बदलत नाही, शेरा बदलतो.

गावाकडे रेंज नाही, लाईट जाते. एवढं सगळं ऐकता कसं?

डाउनलोड करून. रेंज चांगली असेल तिथे अल्बम उतरवून घेतो आणि मग फोन विमानाच्या मोडवर टाकतो. कोकण रेल्वेने जाताना तर हे करावंच लागतं. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि बोगद्यात गाणं अडकलं की अल्बमचा धागा तुटतो. इयरफोन तारेचा वापरतो, त्याला चार्जिंग लागत नाही. महागडं काही नाही. पावसाच्या दिवसांत स्पीकरपेक्षा इयरफोनच बरा, कौलांवरच्या आणि पत्र्यावरच्या आवाजात हळू गाणी हरवतात.

इंग्रजी फारसं कळत नाही. यातलं कुठून सुरुवात करू?

‘चमकीला’पासून करा, मग नुसरतसाहेब, मग आरूज. नंतर बिली. क्युअरला शब्द कळायची गरज पहिल्या तीन मिनिटांत तर नाहीच.

घरात सगळ्यांसमोर लावता येईल असा कोणता?

‘फुलवंती’ आणि ‘चेन ऑफ लाइट’ बिनधास्त लावा. केंड्रिकमध्ये शिव्या आहेत, तो इयरफोनवर ऐका.

‘संगीत मानापमान’ची गाणी आम्ही डिसेंबरमध्येच ऐकली. तो कुठल्या यादीत?

सिनेमा १० जानेवारी २०२५ला आला. सिनेमाच्या अल्बमसाठी मी सिनेमाची तारीख धरतो, नाहीतर एकेक गाणं सुटं येण्याच्या या दिवसांत हिशेब लागत नाही. तेव्हा तो २०२५च्या यादीसाठी ठेवला आहे. नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्या भागातून त्यावर मतं येणारच. ती लिहून पाठवणार असाल तर अख्खा अल्बम ऐकून पाठवा.